काकांचा ॲम्प, काकूंचं घर

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे सांगलीचे, वय चाळीसच्या आसपास. दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर हिशेब लिहितात, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतात. बेस शिकवली चुलत्यांनी. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या गावभागातल्या घराच्या माडीवर फेंडर कंपनीचा ‘बासमन ५०’ हा १९७०च्या दशकातला व्हॉल्व्हचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, आहे. काकांनी तो १९८१ साली मुंबईत हॉटेलात वाजवणाऱ्या एका वादकाकडून घेतला होता. २०१९च्या पुरात हेड, म्हणजे स्पीकर सोडून ॲम्पचा मुख्य डबा, माडीवर चढवलं, पण दोन पंधरा इंची स्पीकरचं कॅबिनेट खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर काकांनी सुताराकडून नवं खोकं करून घेतलं आणि त्यात दुसरे स्पीकर बसवले. ॲम्पवर निळ्या चादरीचं कव्हर असतं. गेल्या महिन्यात पत्रलेखकांनी काकांच्याच स्टेपडाउनवर, म्हणजे आपली २३० व्होल्टची वीज ११५वर आणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, तो चालू केला. मोठी घरघर आली, काहीतरी जळाल्याचा वास आला, म्हणून बंद केला. आता पुण्याचा एक संग्राहक ‘आहे तसा’ ९० हजारांना मागतोय. चुलत भाऊ म्हणतो, विकू आणि पैसे आईच्या नावावर ठेवू. बायको म्हणते, आणून ठेवणार कुठे? ऑर्केस्ट्रातले म्हणतात, एवढं ओझं उचलणार कोण? ‘विकला तर काकांशी बेइमानी, वाजवला तर झिजणार, नुसता ठेवला तर शोभेची वस्तू. मी काय करू?’

बाकीचं नंतर. आधी त्या ॲम्पची वायर स्टेपडाउनमधून काढा आणि जाणत्या माणसाने बघेपर्यंत परत लावू नका. ‘एकदा पाच मिनिटं लावून बघतो’ हा मोह सांगलीत अनेक जुन्या यंत्रांना भोवलाय, त्यातलं एक माझ्या हातून. १९८०च्या दशकात मी मंडपात साउंडची कामं करायचो. एका गणपतीत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज एका संध्याकाळी तीनदा उडाला. चौथ्यांदा मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. फ्यूज नाही उडाला, ट्रान्सफॉर्मर गेला. त्या मोसमाची माझी कमाई रिवाइंडिंगवाल्याच्या घशात गेली. फ्यूज उडतो तेव्हा तो बिचारा आपलं काम करत असतो, हे मला तेव्हा कळलं.

आता तुमच्या पत्राकडे. पत्र चार पानी आहे. त्यात ॲम्पचे नॉब, चंदेरी पट्टी, व्हॉल्व्हची केशरी धग, सगळं आहे आणि सुंदर आहे. काकूंबद्दल एकच वाक्य आहे: ‘काकू काही बोलत नाहीत.’ मी या वाक्यावर अडकलो. त्या बोलत नाहीत, की त्यांना कुणी विचारलेलं नाही? ॲम्प त्यांच्या माडीवर, त्यांच्या नवऱ्याने घेतलेला. आणि कव्हर दर दिवाळीला धुतलेलं असतं, असं तुम्हीच ओघात लिहून गेलात. दोन दिवाळ्या काका नाहीत. मग कव्हर कोण धुतं?

तुमच्या तिन्ही वाटांच्या मुळाशी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की ॲम्प तुमचा आहे. का, तर तुम्ही बेस वाजवता म्हणून. भावनेच्या बाजूने ते पटतं, व्यवहाराने नाही. तो काकूंचा आहे आणि त्यांच्यामागे तुमच्या चुलत भावाचा. तुम्ही ‘ठेवू या’ म्हणता तेव्हा पुण्याचा माणूस देऊ करतोय ते ९० हजार तुम्ही काकूंच्या पदरातून बाजूला काढता, हे लक्षात घ्या. तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण भाऊ विकायचं म्हणतो म्हणून तो रुक्ष आणि तुम्ही ठेवायचं म्हणता म्हणून हळवे, ही मांडणी मला मान्य नाही. तो आईच्या नावावर पैसे ठेवायचं म्हणतोय.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की हवा असेल तर विकत घ्या. काकूंकडून, रीतसर, हप्त्याने. ९० हजार देऊच नका, दुरुस्तीचा खर्च वजा करून घरातल्या घरात जो आकडा ठरेल तो. दरमहा पाच हजारांनी सव्वा वर्षात पाऊण लाख होतात. हा आकडा वाचून पोटात गोळा आला असेल तर तेही उत्तरच आहे. तुम्हाला ॲम्प हवा आहे, की तो दुसऱ्या कुणाकडे जायला नको आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपण सगळेच त्यांची गल्लत करतो. माझ्याकडे माळ्यावर दोन स्पूल टेपरेकॉर्डर आहेत, तेव्हा मी हे अनुभवाने बोलतो.

‘काकांशी बेइमानी’बद्दल थोडं. मुंबईच्या त्या हॉटेलातल्या वादकाने १९८१ साली ॲम्प विकला, म्हणून तो काकांना मिळाला. त्या माणसाने तुमच्यासारखाच विचार केला असता तर? काका स्वतः किती व्यवहारी होते ते पूर सांगतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं त्या दिवसांत त्यांनी हेड वाचवलं आणि कॅबिनेट सोडून दिलं. मग सुतार गाठला, मिळाले ते स्पीकर बसवले आणि परत वाजवायला लागले.

इथे तुम्हाला बोचेल असं एक सांगतो. तुमच्या कानात जो ‘काकांचा आवाज’ आहे, त्यातला मोठा वाटा २०१९ सालीच पाण्यात गेला. बेसच्या आवाजात स्पीकर आणि खोकं यांचा हात ॲम्पइतकाच असतो, कधी जास्तच. बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. तेवढा खाली जाणारा सूर हवेत ढकलायचं काम कागदी कोनाचं आणि लाकडी खोक्याचं. ते दोन्ही बदललं. तरीही त्या खोलीत उभं राहिल्यावर तुम्हाला तोच आवाज ऐकू येतो, कारण उरलेला भाग बोटांचा आहे आणि ती बोटं काकांनी तुम्हाला शिकवून ठेवली आहेत.

दुरुस्ती झाल्यावर एक परीक्षा करा. ऑर्केस्ट्रातल्या एखाद्याला बोलवा, त्याच कॅबिनेटला एकदा हा ॲम्प जोडा, एकदा तुमचा रोजचा छोटा. भिंतीकडे तोंड करून बसा आणि त्याने न सांगता बदलावं. आवाज दोन्हींचा सारखा ठेवा, नाहीतर जो मोठा तो गोड वाटतो. मला वाटतं फरक तुम्हाला कळेल. जोरात मारलेला सूर व्हॉल्व्ह थोडा दाबून, गोल करून देतो, तार सोडताना हाताखाली काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटतं. पण तो फरक किती मोलाचा, हे कानांनीच ठरवायचं. आणि जोडण्या बदलताना ॲम्प बंद. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वाढलेल्या पिढीला हे कुणी सांगत नाही.

आता ‘वाजवला तर झिजेल’. मिरजेत सितार-तंबोरे करणारे सांगतात की वाद्य वाजवलं की खुलतं. ते लाकडाला लागू आहे, ॲम्पला नाही. पण उलटंही खरं नाही. समईत तेल संपतं, वात जळते, समई तशीच राहते. व्हॉल्व्ह ही वात आहे, जळण्यासाठीच आहे. तुमच्या ॲम्पमधले दोन मोठे ६एल६ आणि पुढचे लहान १२एएक्स७ आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये नव्याने बनतात. एके काळी आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह बनवले, जुन्या रेडिओ मेकॅनिककडे ते डबे अजून सापडतात. याउलट मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नुसते पडून राहिले की बिघडतात. आतला रसायनाचा थर कमजोर होतो, वर्षांनी वाळतो. म्हणजे माडीवर जपून ठेवलेला ॲम्प तिथेही झिजतच होता. या दोन्ही गोष्टी बदलता येतात. अवघड आहेत ते ट्रान्सफॉर्मर, विशेषतः आउटपुटचा. मोटार रिवाइंड करणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर भरून देईल, आउटपुटचे वेटोळे एकात एक गुंफलेले असतात, ते काम प्रत्येकाचं नाही. तेव्हा जपायचं ते ट्रान्सफॉर्मरना. बाकी खुशाल खर्ची पडू द्या.

तुमची घरघर आठवून बघा. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच होती का? असेल तर संशय त्या कंडेन्सरवरच जातो. पुष्कळ लोक अशा वेळी इंटरनेटवरून महागडे व्हॉल्व्ह मागवतात. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. कंडेन्सर न बदलता नवे व्हॉल्व्ह घातले तर तेही जातील. जळाल्याचा वास धुळीचाही असू शकतो, ट्रान्सफॉर्मरचाही. म्हणून तर वायर काढा म्हटलं.

मेकॅनिक कसा शोधायचा? साठी ओलांडलेला, व्हॉल्व्हचे रेडिओ हाताळलेला माणूस सांगली-मिरजेत अजून मिळतो. त्याला पहिला प्रश्न विचारा: ‘चालू कसा करणार?’ तो म्हणाला ‘सिरीज बोर्डवर’, तर खुर्ची ओढून बसा. शंभर वॉटचा साधा बल्ब मेनच्या मार्गात टाकतात, इथे तो स्टेपडाउनच्या आधी, २३०च्या बाजूला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत मोठा शॉर्ट नाही. लखलखीत पेटून तसाच राहिला तर आहे. ‘लावू डायरेक्ट, बघू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. आणि तुम्ही स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. आत चारशे व्होल्टच्या वर असतं आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शिल्लक राहतं.

त्याच्याकडून एवढं करून घ्या. कंडेन्सर बदलून झाल्यावर मोठ्या व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे त्यांच्यातून किती करंट वाहू द्यायचा ते, जुळवायला लावा. स्पीकरची जोडणी मोजायला लावा, कारण हा ॲम्प ४ ओहमच्या भारासाठी आहे. काकांनी पुरानंतर कुठले स्पीकर, कसे जोडले, कुणाला माहीत? दोन ८ ओहमचे समांतर असतील तर बरोबर. कॅबिनेट ॲम्पपासून सोडवून त्याची वायर मल्टिमीटरवर मोजली की आकडा तीनच्या आसपास दिसायला हवा. बारा-तेरा दिसला तर एकामागून एक जोडले आहेत. मग अर्थिंग. अमेरिकन ॲम्पची तिसरी पिन आपल्याकडे सर्रास कापलेली असते, स्टेपडाउनमधून अर्थ पुढे जात नाही तो भाग वेगळाच. त्या काळच्या फेंडरवर मागे ग्राउंडचा खटका असतो. त्याच्यामागचा कंडेन्सर मेनच्या तारेतून थेट चॅसीला जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसलं, तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच काय होईल ते सांगायला नको. तो कंडेन्सर काढून टाकायला सांगा.

शेवटची गोष्ट विजेची. हा ॲम्प तिकडच्या ६० हर्ट्झसाठी केलेला असतो, आपली वीज ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर त्यामुळे जास्त ताण येतो, तो थोडा जास्त तापतो. इतकी वर्षं काकांकडे चालला म्हणजे तेवढी सोय त्याच्यात आहे. पण सांगलीच्या आसपास रात्री भार उतरला की व्होल्टेज २५०पर्यंत चढतं, तेव्हा २३०ला ११५ देणारा स्टेपडाउन १२५ देतो. स्टेपडाउनच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावा, आणि मेकॅनिकला तासभर चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरचं तापणं बघायला सांगा. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मागा. उद्या विकायचाच झाला तर घेणारा ती पिशवी बघायला मागेल.

विकण्याच्या वाटेला मी कमी लेखत नाही. फक्त आजचा भाव हा भाव नव्हे. हळदीच्या सौद्यात पोत्याचं तोंड न उघडता कुणी दर बोलला तर तुम्ही मान डोलावता का? ‘व्हिंटेज’ हा शब्द गोल आहे. फेंडरने १९५१ साली बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२ साली तिच्यासाठी बासमन काढला. ज्या बासमनची आख्यायिका झाली तो पन्नाशीच्या दशकाच्या शेवटचा, चार दहा इंची स्पीकरचा. १९६२च्या सुमारास लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प झाला तो त्याच्याच आराखड्यावर. गंमत म्हणजे बेससाठी केलेला हा ॲम्प गिटारवाल्यांनीच डोक्यावर घेतला. तुमचा सत्तरच्या दशकातला, त्या नात्यातला पण धाकटी पाती. चांगला आहे, दंतकथा नाही. शिवाय कॅबिनेट मूळचं नाही. संग्राहक हेडसाठी पैसे देतोय की दोन्हींसाठी, ते लेखी विचारा. दुरुस्त होऊन वाजता झाला तर भाव वेगळा येईल, कदाचित जास्त, कदाचित तेवढाच. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

ऑर्केस्ट्राचं मात्र मित्र म्हणतात ते बरोबर आहे. लग्नाच्या लॉनवर, समोर डॉल्बीच्या भिंती असताना ५० वॉटचा बासमन कोण ऐकणार? अमेरिकेतही मोठी मैदानं भरायला लागल्यावर असले ॲम्प कमी पडायला लागले. म्हणून १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हा बेसचा ॲम्प काढला, ३०० वॉट, चौदा व्हॉल्व्ह. कार्यक्रमाला छोटा ॲम्प न्या आणि साउंडवाल्याला डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणाऱ्या डबीतून, लाइन द्या. कधी हौस म्हणून बासमन नेलाच, तर डीआय गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये. स्पीकरची लाइन मिक्सरमध्ये घालू देऊ नका, साउंडवाला कितीही ‘होतं हो’ म्हणाला तरी. आणि वाजवून झाल्या झाल्या उचलू नका, व्हॉल्व्ह गरम असताना धक्का सोसत नाहीत.

मग वाजवायचा कुठे? माझं मत विचाराल तर जिथे आहे तिथेच. माडीवर पुराचं भय कमी, बायकोचा प्रश्न सुटला, ओझं उचलायला नको. आठवड्यातून एकदा जायचं, खटका स्टँडबायवर ठेवून दोन-तीन मिनिटं तापू द्यायचं, मग तासभर रियाज. पावसाळ्यातही खंड नको, तेवढ्या उबेने दमट हवा बाहेर पडते. प्लॅस्टिक गुंडाळू नका, सुती कव्हरच बरं. मागची जाळी बघा, उंदरांना वायरी आवडतात. पण हे सगळं काकूंनी हो म्हटलं तर. त्यांच्या डोक्यावर दर आठवड्याला बेस घुमणार आहे. चाळीस वर्षं त्यांनी ते सोसलं म्हणून पुढेही आवडेलच असं नाही. कदाचित घर शांत झालं याचं त्यांना बरंही वाटत असेल आणि ते बोलता येत नसेल.

ज्यांच्या घरी असाच एखादा ॲम्प, व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेयर पडून आहे त्यांनीही आधी मालक कोण ते बघावं, मग मेकॅनिक आणि शेवटी भाव. आणि नव्याने जुना ॲम्प घ्यायला निघालेल्यांनी दुरुस्तीचे पैसे किमतीत आधीच धरावेत. ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांवर काही देऊ नये.

काकूंकडे चुलत भाऊ सांगलीत येईल त्या रविवारी जा, फोनवर हे बोलणं करू नका. संग्राहकाला कळवा की दिवाळीपर्यंत उत्तर देतो. जाताना बेस आणि तुमचा छोटा ॲम्प बरोबर न्या. हळू आवाजात काहीतरी वाजवा, आणि काका नवीन तार चढवल्यावर आधी काय वाजवून बघायचे ते काकूंना विचारा. त्यांना ते आठवत असेल. पुढचं त्या काय म्हणतात त्यावर. त्या ‘ने बाबा एकदाचं’ म्हणाल्या तर हप्ता त्याच दिवशी ठरवा, आणि ‘विका’ म्हणाल्या तर पुण्याच्या माणसाला माडीवरून हेड उतरवायला स्वतः मदत करा, ते काम एकट्याचं नाही.